काहिलीखालचा जाळ

आमच्या गुऱ्हाळात दोनच माणसांची कामं खरी. एक वर, रस आटवायच्या काहिलीपाशी. एक खाली, भट्टीच्या तोंडाशी. वर मी उभा राहायचो, खाली ही बसायची. चाळीसच्या वर हंगाम आम्ही असे काढले. त्या सगळ्या हंगामांत लोक गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि माझ्याकडं बघून मान हलवायचे. मीही मान हलवायचो. खाली बसलेल्या बाईकडं कुणी बघत नव्हतं. धूर लई असायचा, हे एक कारण. दुसरं कारण मला यंदा कळलं, म्हणून हे लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत.

माजलगावच्या धरणाचा कालवा आमच्या शिवारातून जातो, म्हणून ऊस आहे. ऊस कारखान्याला जातो. पण घरटी प्रत्येक जण चार-दोन सऱ्या मागं ठेवतो, घरच्या गुळासाठी. तो ऊस आमच्याकडं आणायचा, आपल्या डोळ्यांदेखत गूळ करून घ्यायचा, त्यातला थोडा गुऱ्हाळाला ठेवायचा आणि बाकीचा घरी न्यायचा, अशी रीत. म्हणजे रोज काहिलीत रस पडतो तो रोज वेगळ्या घरचा.

रस पडला की खालून हाक यायची.

"अवं, आज कुणाचं हाय?"

मी वरून सांगायचो, अमक्याचं, तमक्याचं. ती "बरं" म्हणायची आणि भट्टीत पिळलेल्या उसाचं वाळकं चिपाड सारायची. मला वाटायचं, बायकांना चौकश्या लागतात. एकदा डोकं तापलेलं होतं तेव्हा खेकसलो, "कुणाचं का असंना, तू जाळ घाल."

ती म्हणाली, "तुमी रसावरची मळी काढा. आन् नाव सांगा."

सांगितलं. न सांगून जातो कुठं? तिनं नाव ऐकल्याबिगर पहिली पेंढी कधी पेटवली नाही.

गेल्या माघात ती गेली. ताप आला, आठ दिवस दवाखान्यात होती, आणि गेली. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. भट्टी तेव्हापासून थंड. गावातली कुत्री राखेत झोपायला लागली, त्यांचं तेवढं चांगलं झालं.

यंदा दिवाळी झाली आणि लोक विचारायला लागले, गुऱ्हाळ कधी पेटतंय? मी म्हणायचो, पेटत नाही. चौसाळ्याचा एक भंगारवाला टेम्पो घेऊन आला. काहिलीवर बोटानं टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "जाड हाय बरं का काका, चार माणसं आणावी लागतील." म्हटलं, आण. मला त्या काहिलीकडं बघवत नव्हतं आणि न बघता राहवत नव्हतं. अशी वस्तू घरात ठेवू नये.

त्याच आठवड्यात शनिवारी बीडहून मुलगा आणि सून आली. सून तिथं इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता स्वतःही पुढचं शिकते. भंगारवाल्याचं ऐकून मुलगा गप्प बसला. तो माझ्यावर गेलाय, त्याला बोलायला वेळ लागतो. सून मात्र म्हणाली, "मामा, काहील वर्षश्राद्धापर्यंत मला द्या."

"तू काय करतीस तिचं? भाकरी भाजतीस?"

"जाळ घालणारं यंत्र बसवते. माझा अभ्यासच तो आहे."

मग तिनं मला अभ्यास समजावला. म्हणाली, यंत्राला एकाच वेळी दोन-तीन गोष्टी पाहिजे असतात, आणि एक धरली की दुसरी सुटते. मग यंत्र चालवायचं कसं, त्याचं गणित.

मी म्हटलं, "हे शिकायला कॉलेज लागतं व्हय? लगीन केलं की येतं."

"म्हणून तर तुमच्याकडं आले," ती हसली. "जाळ जास्त घातला तर गूळ पिवळा होतो, पण रस उतू जातो, बुडाला लागतो. जाळ कमी घातला तर उतू जात नाही, पण गूळ लाल पडतो. माझ्या पुस्तकात हेच सगळं आहे. फक्त काहील नाही."

हिच्यानंतर माझ्यापाशी एवढं कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, बरं. पण अट घातली. वर्षश्राद्धापर्यंत हिच्या हातासारखा गूळ निघाला तर काहील राहील. नाही निघाला तर श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो. भंगारवाल्याला तिच्या समोरच फोन करून तसं सांगून टाकलं, म्हणजे पुन्हा माझंही मन बदलायला नको.

तिनं काहिलीत एक स्टीलची नळी सोडली, तिच्यात ताप मोजायचा सेन्सर. भट्टीच्या तोंडाशी चिपाड सरकवणारा पट्टा बसवला, त्याला मोटर. बुडाशी हवा मारणारा पंखा. आणि हे सगळं जोडलं एका डब्याला, शाळेच्या दप्तराएवढ्या. तो डबा तिनं बरोबर ज्या दगडावर ही बसायची त्या दगडावर ठेवला. मी म्हटलं, "तिथं नको." तिनं काही न विचारता उचलला आणि भिंतीवर टांगला.

पहिली काहील माझ्याच सरीच्या उसाची. बघायला माझा दोस्त आला. हा मेंढरंवाला, त्याचे भाऊबंद अजून नांदूरघाटकडं मेंढरं फिरवतात, हा गुडघे दुखायला लागल्यापासून इथंच राहिला. वाटेकऱ्याकडून चार सऱ्या ऊस लावून घेतो. लहानपणापासून एकमेकाला बे म्हणतोय, अजून त्यात सुधारणा नाही.

डबा सुरू झाला. पट्टा फिरला, पंखा भणाणला, आणि रस असा चढला की मला मळी काढायला फुरसत मिळेना. दोस्त म्हणाला, "बे, ह्ये तर तुझ्या घरच्यापरीस झपाट्याचं हाय." मीही जरा खूश झालो. खोटं कशाला बोलू? तेवढ्यात फेस काठावर आला. सून ओरडली, "मामा, डब्यानं जाळ बंद केलाय!" जाळ बंद, पण रस काही ऐकेना. फेस काठावरून खाली, भट्टीवरून अंगणात, दोस्ताच्या चपलेत. राखेतली कुत्री उठून चाटायला आली. काहिलीत उरलं ते बुडाला लागून काळं झालं.

दोस्त चप्पल झटकत म्हणाला, "गूळ चांगला हाय बे. घोट्यापतुर आलाय."

सून खाली बसून लॅपटॉपवरची रेघ बघत होती. रेघ डोंगरासारखी वर गेलेली. मी तिला म्हटलं, "तुझ्या डब्याला काहील तापलेली कळती, विटा तापलेल्या कळत न्हाईत. जाळ वढला तरी विटा रस उकळवत राहतात. हिला ते ठाऊक असायचं. माझ्या तोंडातून थांब निघायच्या आधी तिनं जाळ मागं वढलेला असायचा."

"त्यांना कसं कळायचं?"

मी विचार केला. कधी केला नव्हता. "ती रस बघत नव्हती, खाली बसून दिसणार कसा? ती ऐकायची. आवाज किती मोठा झाला ते न्हाई, किती झपाट्यानं मोठा होतोय ते."

सुनेनं माझ्याकडं असं बघितलं की मी मोठा साहेबच. "मामा, हे मी वर्गात दोन तास शिकवते," म्हणाली. आणि डब्याला तेच शिकवलं: किती तापलं एवढंच बघू नको, किती वेगानं तापतंय तेही बघ.

पुढच्या आठवड्यातला डबा मात्र भित्रा झाला होता. जरा ताप चढला की जाळ ओढायचा. काहील सकाळी चढवली ती दुपारची भाकरी खाऊन झाली तरी उतरेना. उतू एक थेंब गेला नाही, आणि गूळ निघाला लालभडक, मऊ, हाताला चिकटणारा. मी तो बाजूला ठेवून दिला.

"आता मला सांगा, तुम्हाला नेमका काय पाहिजे?" सून वही उघडून बसली. "रंगाला किती महत्त्व, घट्टपणाला किती, वासाला किती, चिपाड वाचवायला किती. प्रत्येकाला रुपयातले आणे द्या."

"रंगाला सोळा आणे."

"बरं."

"घट्टपणाला सोळा आणे. वासाला सोळा आणे. चिपाडाला बी सोळा."

"मामा, सगळ्यांना सोळा दिले म्हणजे सगळ्यांना सारखं दिलं. मग यंत्र मधलंच काहीतरी करतं."

"आमच्या गुळात कमी कशाचंच नसायचं. लिही सोळा."

मी असाच. जे पाहिजे ते सगळं पाहिजे. तिनं लिहिलं. त्या रविवारी डब्यानं शहाण्यासारखा जाळ घातला. उतू गेलं नाही, लागलं नाही, वेळेत उतरलं. ढेप थंड झाली. रंग ना पिवळा ना लाल, मळकट. कडक म्हणावा तर कडक नाही, मऊ म्हणावा तर मऊ नाही. वास नाकाला शोधावा लागत होता. सगळं होतं आणि काही नव्हतं.

दोस्तानं खडा चघळला. लई वेळ चघळला.

"वाईट न्हाई बे."

"मग तोंड असं कशाला केलंस?"

"वाईट न्हाई म्हनलं की. पर चांगला कावून म्हनू? ह्यो गूळ कुणाचाच न्हाई." मग थुंकून म्हणाला, "माझा गूळ असा कधीच नसायचा. माझा मऊ असायचा. लालसर. दात न्हाईत मला, मला कडक ढेप दिली तर मी काय तिला मुका देऊ?"

मी म्हटलं, "तुझा मऊ निघायचा तुझ्या उसामुळं. तुझा ऊस चोपणातला, खारा."

"आन् वाण्याचा? त्याचा ऊस माझ्या बांधाला लागून हाय बे, त्येच चोपण. त्याचा कसा पिवळाजर्द, कडक निघायचा? पाटी भरून दुकानात मांडायचा त्यो."

वाणी म्हणजे आमच्या गावचा जंगम दुकानदार. पेठेत त्याच्या गुळाच्या रंगाला तोड नव्हती हे खरं. बांधाला बांध लागून, हेही खरं.

"आन् दोन साल मागं," दोस्त काही थांबेना, "माझी लेक बाळंतपणाला आलती. तवा माझ्या गुळाला असा वास सुटला व्हता की शेजारीण मागायला आली. मी तुझ्या घरचीला इचारलं, वैनी, ह्ये काय केलं? तर म्हनली, पोरीला डिंकाच्या लाडवाला पाहिजे न्हवं का. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. मी वर उभा होतो. वाफेत.

सुनेनं आमच्या मधे एक पोतं अंथरलं आणि त्यावर भुईमुगाच्या शेंगा मांडायला लागली. तिनं काय केलं होतं ते ऐकण्यासारखं आहे. आमच्या तीन काहिलींवरून तिनं लॅपटॉपला गुऱ्हाळ शिकवलं होतं, आणि मग लॅपटॉपमध्येच हजारभर काहिली उकळल्या होत्या. ऊस नाही, धूर नाही, चपलेत रस नाही. प्रत्येक काहिलीत जाळाची तऱ्हा वेगळी.

"एक शेंग म्हणजे एक गूळ," ती म्हणाली. "जेवढी उजवीकडं, तेवढा रंग पिवळा आणि ढेप टिकाऊ. जेवढी वरती, तेवढा मऊ आणि वासाचा. आता एखाद्या शेंगेपेक्षा दुसरी कुठली शेंग उजवीकडंही असेल आणि वरतीही असेल, तर पहिलीचा काही उपयोग आहे का?"

"न्हाई. दोन्हीकडून हारली."

"मग ती खाऊन टाका."

हे गणित आम्हाला झेपलं. दोस्तानं डाव्या कोपऱ्यातली, पार खालची शेंग सगळ्यात आधी उचलली. ती काळ्या, कडक, चिपाड खाणाऱ्या गुळाची. मग मी एक, त्यानं एक. एकदा त्यानं भरलेली बघून चुकीची उचलली, मी मनगट धरलं. "ती कावून खातो बे? तिला कोण हरवतंय?" "भूक," म्हणाला.

खाण्यासारख्या संपल्या तेव्हा पोत्यावर शेंगांची एक ओळ उरली. वरच्या डाव्या टोकापासून खालच्या उजव्या टोकापर्यंत, विळ्याच्या पाठीसारखी वाकलेली. आता कुठलीही उचलावी तर ती एका बाबतीत कुणाला तरी हरवतच होती.

"आता ह्यातली कुठली घ्यायची?" मी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. गणित इथं संपतं. या सगळ्या बरोबर आहेत. यातली कुठली, ते गूळ कोणासाठी आहे त्यावर."

दोस्तानं वरच्या टोकाच्या शेंगेवर बोट ठेवलं. "ही माझी." मग खालच्या टोकावर. "ही वाण्याची."

"आज कुणाचं हाय?" हे चाळीस वर्षं मी ऐकत होतो. ती चौकशी करत नव्हती. ती शेंग उचलत होती. गावातल्या प्रत्येक घराची शेंग तिला पाठ होती: कुणाला दात नाहीत, कुणाला दुकानात मांडायचा, कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाकडं पावसाळाभर पुरवायचा. आणि गूळ नेताना लोक मान हलवायचे माझ्याकडं बघून.

मी उठून ऊस पिळायच्या चरकामागं गेलो. थोडा वेळ तिथं राहिलो. परत आलो तर दोस्त म्हणाला, "मुतायला एवढा येळ लागतो व्हय बे आता?" त्यानं बघितलं होतं माझं तोंड. दोस्त असाच पाहिजे.

त्यानंतरचे पंधरा दिवस गुऱ्हाळ असं चाललं की मला ही असतानाचं गुऱ्हाळ आठवलं. सुनेनं डब्याला एक गोल खटका बसवून दिला. एका टोकाला पिवळा, एका टोकाला लाल, मधे सगळी ओळ. आठवडाभर ती नसली तरी मी चालवायचो. ट्रॉली आली की आधी मी विचारायचो, कुणाचं? आणि नुसत्या नावावर थांबायचो नाही, कारण मला हिच्यासारखं पाठ नव्हतं. घरात खाणारं कोण? म्हातारं हाय का? लेकरं? लोकांना वाटलं, म्हातारा एकटा पडला, गप्पांना भुकेला झाला. वाटू द्या. वाणी आला तर त्याला म्हटलं, "दुकानाला का घराला?" तो म्हणाला, "दरसाल दुकानालाच की." मग जरा थांबून, "यंदा थोडा घराला केला तर? आईला मऊ आवडायचा." मी एका काहिलीचे दोन भाग केले. तो माणूस गूळ नेताना पहिल्यांदा भट्टीच्या तोंडाकडं बघून गेला. तिथं डबा टांगलेला. त्याखाली रिकामा दगड.

सून आली की वहीत लिहून घ्यायची, कुणाला कुठला खटका. म्हणायची, "मामा, हे माझ्या प्रबंधात घालणार."

"घाल. पर नाव हिचं टाक."

"कसं टाकू? पुस्तक कुठलं, पान कुठलं, असं विचारतात."

"पान भट्टीचं, म्हणावं."

वर्षश्राद्धाला तीन दिवस राहिले. श्राद्धाच्या पुरणाला गूळ पाहिजे, तो हिच्यासाठीच करायचा ठरलं. माझ्या सरीचा शेवटचा ऊस राखून ठेवला होता. रस काहिलीत पडला. मुलगा आलेला, सून खटक्यापाशी, दोस्त चपला लांब काढून बसलेला. आणि सुनेनं, तिच्या मनात काही नसताना, सहज विचारलं:

"मामा, आज कुणाचं?"

"हिचं," मी म्हटलं.

"मग खटका कुठं लावू?"

आणि मला सांगता येईना. चाळीस वर्षं. वाण्याचा माहीत झाला, दोस्ताचा माहीत झाला, गावातल्या बिनदातांच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा माहीत झाला. हिला गूळ कसला आवडायचा?

मुलगा म्हणाला, "आई खरवड खायची." काहील उतरली की बुडाला चिकटलेलं, करपट, ते ती विळ्यानं खरवडून खायची.

दोस्त म्हणाला, "आवडायची म्हनून खायची का उरायची म्हनून? बायांचं काय खरं धरतो."

त्याचं बोलणं मला लागलं, कारण तसंही असू शकत होतं. पण मग मला दवाखान्यातला पाचवा दिवस आठवला. तिच्या तोंडाला चव नव्हती. मी घरून गूळ नेला होता, त्या हंगामातला सगळ्यात देखणा, वाण्याच्या वाट्याचा पिवळा खडा. तिनं तो हातानं बाजूला सारला. म्हणाली, "खरवड हाय का?" मी म्हटलं, "येडी का खुळी? आजारी माणसानं करपलेलं खाऊ नये." घरी डब्यात होती खरवड. आणता आली असती. आणली नाही.

हे मी तिथं सगळ्यांच्या समोर सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रस तापायला लागला होता. मग मी सुनेला म्हटलं, "ती शेंग परत मांड. डाव्या कोपऱ्यातली. पार खालची."

"मामा, ती तर आपण खाल्ली. ती दोन्हीकडून हरली होती. काळा, कडक, आणि चिपाड दुप्पट."

"ती ह्यानं खाल्ली," मी दोस्ताकडं बोट दाखवलं. "पहिल्यांदा. ईचार न करता."

"म्या आपलं गणित केलं," दोस्त म्हणाला.

सून खटका हातात धरून उभी राहिली. तिच्या खटक्याला त्या जागेवर खूणच नव्हती; तिनं फक्त जिंकलेल्या शेंगांची ओळ आखली होती. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे मोजायचं एक राहूनच गेलं आपलं. रंग मोजला, वास मोजला, चिपाड मोजलं." लॅपटॉप मांडीवर घेऊन डब्याला नवी खूण शिकवली. दहा मिनिटं लागली. मुलानं वर येऊन माझ्या हातातला मळी काढायचा झारा घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी खाली उतरलो आणि दगडावर बसलो. चिपाड डबाच सारत होता, मला काही काम नव्हतं. धूर डोळ्यांत जात होता. खालून रस दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण वर उभ्या माणसाचं तोंडही दिसत नाही, नुसते पाय दिसतात, हे नव्हतं ठाऊक. चाळीस वर्षं तिनं माझे पाय बघितले. रसाचा आवाज मात्र लख्ख येतो. आधी बारीक, मग भरतो, मग घट्ट होतो, आणि शेवटी एक जाड बुडबुडा फुटल्यासारखा. मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं तोवर डब्यानं पंखा बंद केलेला. मी मुद्दाम म्हटलं, "अजून. अजून जरा." सुनेनं अजून जरा दिलं. बुडाला लागल्याचा वास आला तसा मुलगा वरून ओरडला, "आबा, लागतंय!"

"लागू दे," मी म्हटलं.

गूळ काळसर निघाला, दगडासारखा. बत्त्यानं फोडावा लागला. दोस्तानं खडा गालात धरून अर्धा तास चघळला.

"करपलाय बे."

"करपलेलाच पाहिजे व्हता."

"जाळाची चव लागती." मग म्हणाला, "वैनीच्या हाताला असाच वास असायचा. पाणी दिलं तरी यायचा."

श्राद्धाच्या पुरणपोळ्या त्या गुळाच्या झाल्या. रंग असा की भटजींनी दोनदा विचारलं, यात काय घातलंय? जेवणाऱ्यांत कुणी नाक मुरडलं, कुणी पुन्हा मागून घेतल्या. काहिलीच्या बुडाला चिकटलेली खरवड मी स्वतः विळ्यानं काढली आणि पानावर ठेवली, तिच्या नावानं. कावळा आला तो थेट त्यावर बसला. आता कावळ्याला गोड आवडतंच, हे मलाही कळतं. पण बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला, चार माणसं घेऊन. मी विसरलो होतो. भंगारवाला उतरला, हात चोळले, आणि भट्टीतून धूर निघताना बघून थबकला. काहिलीत वाण्याच्या चुलत्याचा रस होता.

"काका, आजची तारीख दिलती ना?"

"दिलती. बस. चहा घे." सूनबाईनं चहा आणला, गुळाचाच. चारी माणसं बाजेवर बसली. चहा पिऊन झाला तसा भंगारवाला काहिलीकडं बघत म्हणाला, "म्हंजी देणार न्हाई."

"न्हाई."

"मग चार माणसांचं काय करू मी?"

"त्यांना चरकावर लाव, आज माणूस कमी हाय." आणि कपाटातून एक ढेप काढायला गेलो. रिकामा पाठवायचा कसा माणूस? पण ढेपी दोन-तीन तऱ्हेच्या होत्या. दारातूनच मागं वळून विचारलं,

"घरी खाणारं कोण हाय रं तुझ्या?"